इंग्रजाचे ‘बेचव’ ताट, गोंडाचे ‘जंगली’ ताट

१/
मसाल्यांसाठी जग पालथे घातले आणि ताटात वाढले काय, तर उकडलेला बटाटा! ब्रिटिश जेवणाची ही थट्टा समाजमाध्यमांवर सतत फिरते आणि वसाहतवादाचा थोडा सूड उगवल्याचे समाधान आपल्याला देऊन जाते. मित्रहो, ही थट्टा इतिहासाला धरून नाही. शिवाय ज्या मापाने आपण इंग्रजाचे ताट मोजतो, त्याच मापाने चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंड-माडियांचे ताटही हिणवतो.

२/
इंग्रजी जिभेतच खोट होती म्हणावे, तर सुमारे १३९० च्या, दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातील पाककृतींत आले, दालचिनी, लवंग, केशर यांची रेलचेल आहे. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकात चक्क ‘करी’ आहे, म्हणजे प्लासीच्या दहा वर्षे आधी!

३/
मग ताट ओसाडले कसे? माझ्या मते त्याचे उत्तर चुलीपाशी नाही, रानात आहे. १२१७ च्या अरण्यसनदेने राजाच्या अरण्यहद्दीतील स्वतंत्र प्रजेला आपल्या रानात डुकरे चारण्याचा आणि तिथला मध घेण्याचा हक्क दिला होता. १७२३ च्या ‘ब्लॅक अॅक्ट’ने तोंडाला काजळी फासून हरणामागे जाणाऱ्याला फाशी ठेवली. पुढे संसदेच्या कायद्यांनी सुमारे ७० लाख एकर जमिनीला कुंपणे पडली. गावकऱ्याची गाय गेली, सरपण गेले. तो गिरणीच्या शहरात आला आणि पाव, चहा, बटाटा यांवर जगू लागला. त्यावर १९४० ते १९५४ अशी १४ वर्षांची शिधावाटप. परदेशी सैनिकांनी इंग्लंडात चाखले ते या काळातले ताट, आणि बदनामी पक्की झाली ती त्याच ताटाची.

४/
आता चांद्याकडे वळू. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, चांदा ब्रिटिशांकडे गेला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाची मालकी सरकारकडे नेली. राखीव जंगलात परवानगीवाचून काहीही करणे गुन्हा. पिढीजात हक्काची झाली ‘सवलत’. गंमत पाहा, १२१७ ची ती सनद इंग्लंडात तेव्हा रद्द झालेली नव्हती. ती रद्द झाली १९७१ मध्ये. मायदेशी जो हक्क निदान कागदावर शिल्लक होता, तो इथे कागदावरूनही पुसला गेला.

५/
आणि हिरावले काय? वाळवून वर्षभर पुरवायची मोहफुले, मोहाच्या बियांचे तेल, चारोळी, टेंभरे, पावसाळ्यातले वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, रानभाज्या, अळंबी, आंबील, लाल मुंग्यांची चटणी. ऋतूगणिक बदलणारे हे ताट आहे. त्याला ‘साधे’ म्हणणाऱ्याने ते वर्षभर पाहिलेले नाही. मोहाच्या वाट्याला तर अबकारी खात्याची वक्रदृष्टी आली. मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्यासाठी १८९२ मध्ये खास मोहफुलांचा कायदाच झाला, कारण सरकारला त्यात अन्न दिसत नव्हते, बुडणारा दारूचा महसूल दिसत होता.

६/
१९४१ मध्ये, युद्धामुळे फळे दुर्मीळ झाली, तेव्हा ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने लोकांना कुंपणांवरची रानगुलाबाची फळे वेचायला लावले. त्यांचे ‘क’ जीवनसत्त्वाचे सरबत मुलांना पाजले. ते विज्ञान! माडिया बाई रानफळ वेचते, तेव्हा मात्र तो मागासलेपणा. हा दुटप्पीपणा साहेबांबरोबर बोटीत बसून गेला असता, तर हा धागा लिहावा लागला नसता.

७/
‘मग गडचिरोलीत कुपोषण का?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. रानातले अन्न म्हणजे अमृत, असा दावा मी करत नाही. पण ज्या ताटातून एकेक जिन्नस काढून घेतला, ते अपुरे ठरल्याचा दोष ताटाच्या मालकावर टाकणे कोणता न्याय?

८/
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली. १८७८ पासून मोजा. चंद्रपुरात तर आजही उन्हाळ्यात, मोहाचा सडा पडतो तेव्हा, बायका पहाटे वाघाच्या रानात टोपली घेऊन शिरतात, आणि काही जणी परतत नाहीत.