कीटण काढल्याने दात हलतात का?

दात घासताना थुंकीत रक्त दिसले, की पुष्कळ घरांत ब्रश बाजूला ठेवून बोटाने मंजन लावणे सुरू होते. 'वय झाले, दात जायचेच,' असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु केवळ वयामुळे दात पडत नाहीत. हिरड्यांचा विकार वर्षानुवर्षे अंगावर काढला, म्हणून ते पडतात.

हिरडी नुसतीच लाल व सुजलेली असेल, तर कीटण काढून घेणे, म्हणजे स्केलिंग, आणि रोजची नीट स्वच्छता एवढ्याने ती पूर्ववत होते. पुढच्या अवस्थेत हिरडी दातापासून सुटते व आतील हाड झिजू लागते. हाच जुन्या लोकांचा पायोरिया. दात आणि हिरडी यांमधील फट निरोगी माणसात साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. ती वाढली, की जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई करावी लागते. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप होते. तरीही खोल फटी उरल्या, तर हिरडी उघडून साफ करण्याची फ्लॅप शस्त्रक्रिया सुचविली जाते. झिजलेले हाड बहुधा भरून येत नाही. झीज मात्र थांबविता येते.

'कीटण काढले आणि दात हलू लागले,' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. तीत खोटे काही नाही, कारण मात्र वेगळे आहे. हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाचा थर दातांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. तो निघाला, सूज ओसरली, की दातांमधील फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबते. झोंबणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. याच भीतीने उपचार टाळणाऱ्यांचे दात अखेरीस हातात येतात, आणि मग भाकरी सुटते, शेंगदाणे सुटतात, आहार पेजेवर येतो.

औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून हा रोग बरा होत नाही, कारण कीटण जागच्या जागीच राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग असूनही कळत नाही. मिश्री ही तंबाखूच आहे, हे आजींना कोणीतरी सांगावयास हवे!

दंतवैद्यांकडे जाताना सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्या चालू ठेवूनही बहुधा सफाई करता येते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन घेत असल्यास दात काढण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे. हृदयात कृत्रिम झडप असल्यास तेही. मधुमेहींची साखर वाढलेली असेल, तर हिरड्या लवकर भरत नाहीत. उलट हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी थोडे उतरते, अर्थात औषधे सोडण्याइतके नव्हे.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे दात घासताना उशाकडील भाग उंच करावा, मान एका कुशीस वळवावी. लहान मुलांचा मऊ ब्रश व वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रक्त आले तरी थांबू नये. हलक्या हाताने हिरडीच्या कडेवरून ब्रश फिरवावा. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी.