गर्भवतीचा रक्तदाब आणि बाळाची जनुके

खास प्रतिनिधी

गर्भारपणाच्या उत्तरार्धात चढणारा रक्तदाब आणि लघवीतून जाणारी प्रथिने ही प्रीएक्लॅम्पसिया या विकाराची ठळक लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या विकाराने दरवर्षी सुमारे ४६ हजार माता मृत्युमुखी पडतात आणि सुमारे ५ लाख बाळे गर्भात किंवा जन्मानंतर दगावतात. गेल्या दोन दशकांत संशोधकांचे लक्ष रक्तवाहिन्यांची वाढ घडविणाऱ्या प्रथिनांवर आणि त्यांच्या जनुकांवर केंद्रित झाले आहे. जनुकांची चाचणी करून हा धोका आधीच ओळखता येईल काय, या प्रश्नाचे आजचे उत्तर 'अद्याप नाही' असेच आहे. मात्र त्याच संशोधनातून रक्ताची एक उपयुक्त तपासणी हाती आली आहे.

बिघाड वारेत

शरीरातील रक्तवाहिन्यांची वाढ आणि त्यांच्या अस्तराचे आरोग्य 'व्हीईजीएफ' या प्रथिनावर अवलंबून असते. वारेत तयार होणारे 'पीएलजीएफ' हे त्याचेच भावंड. ही दोन्ही प्रथिने पेशीवरील 'एफएलटी-१' या ग्राहकाला चिकटून आपले काम करतात. याच ग्राहकाचा एक सुटा प्रकार वार रक्तात सोडते. तो प्रमाणाबाहेर वाढला की दोन्ही प्रथिने वाटेतच अडविली जातात. मातेच्या रक्तवाहिन्यांचे पोषण तुटते, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाची चाळणी गळू लागते. भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची यांच्या बोस्टन येथील गटाने २००३ मध्ये हा सुटा प्रकार गाभण उंदरांच्या शरीरात वाढविला, तेव्हा त्यांच्यात नेमकी हीच लक्षणे दिसली. व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या कर्करोगावरील औषधानेही रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जातात, ही बाब त्याला पुष्टी देते.

धोका कोणाच्या जनुकात?

एफएलटी-१ चे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे. या गुणसूत्राच्या तीन प्रती असलेल्या गर्भाच्या मातांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया अधिक आढळतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. २०१७ मध्ये प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या मातांची ४ हजार ३८० अपत्ये आणि तुलनेसाठी ३ लाख १० हजारांहून अधिक व्यक्ती यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मातेच्या नव्हे, तर बाळाच्या जनुकसंचात एफएलटी-१ जवळचा एक बदल धोक्याशी निगडित असल्याचे त्यात दिसले. आजार आईला आणि खूण बाळात, असा हा प्रकार. वार गर्भाच्याच पेशींतून वाढत असल्याने तो तर्काला धरून आहे.

तथापि, या बदलाने धोका वाढतो तो सुमारे २० टक्क्यांनी. म्हणजे शंभर गर्भवतींपैकी चौघींना होणारा विकार फार तर पाच जणींना होईल. त्यातच हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतो. एवढ्या आधारावर एखाद्या स्त्रीचे भाकीत करता येत नाही. मातेच्या व्हीईजीएफ जनुकातील बदलांवर अनेक अभ्यास झाले. परंतु त्यांतील बहुतेक लहान होते आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. २०२० मधील मोठ्या अभ्यासात मातेच्या बाजूने पुढे आले ते प्रामुख्याने रक्तदाबाशी संबंधित बदल.

उपयोग कशाचा?

रक्तातील सुटे एफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर मात्र कामाचे ठरले. रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवतीचा विकार पुढील दोन आठवड्यांत गंभीर होईल काय, हे सांगणाऱ्या अशा चाचणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली. जनुके जन्मभर बदलत नाहीत. हे गुणोत्तर गर्भारपणात बदलत जाते. म्हणूनच ते आजची स्थिती सांगू शकते.

प्रतिबंधाचा मार्ग त्याहून स्वस्त आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अधिक जोखमीच्या १ हजार ७७६ गर्भवतींच्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्याने मुदतपूर्व प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध पहिल्या तिमाहीच्या अखेरीस, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे लागते. सातव्या महिन्यात नाव नोंदविणाऱ्या स्त्रीला त्याचा लाभ मिळत नाही. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे जुने आणि स्वस्त औषध आजही प्रमाण मानले जाते. भारतीय स्त्रियांच्या शरीरयष्टीचा विचार करून त्याची कमी मात्रा देण्याची पद्धत सोलापुरातील डॉक्टरांनीच मांडली होती.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. राज्याने गाठलेला हा पल्ला जनुकचाचण्यांनी नव्हे, तर वेळेवर नोंदणी, तपासणी आणि रुग्णालयातील प्रसूती यांच्या बळावर गाठला आहे. महागड्या चाचणीच्या अहवालाने निर्धास्त झालेली स्त्री रक्तदाब मोजून घेण्याचे टाळू लागली, तर विज्ञानाची ही प्रगती तिच्या जिवावर बेतेल. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही दिसताच रक्तदाब मोजणे, हीच अजूनही पहिली आणि सर्वांत भरवशाची तपासणी आहे.