चुलीपर्यंत पोहोचलेली पाळत

शासनाने स्वतःच्याच प्रजेवर ठेवलेल्या पाळतीचा विषय निघाला, की आपले पुरोगामी विचारवंत थेट पूर्व जर्मनी गाठतात. त्यांनी इतके कष्ट घेऊ नयेत. नंदाखालची वाडी पाहावी आणि तेथून वसईच्या किल्ल्यात जावे. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात येथवर पोहोचत होता.

शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक होता. खासगी बोलण्यातील काही मतांवरून १६७३ साली त्याला दमणला पकडले, वसईच्या तुरुंगात ठेवले आणि तेथून गोव्याला नेले. आपल्याविरुद्ध साक्ष कोणी दिली, हे आरोपीला कळू द्यायचे नाही, ही त्या न्यायपीठाची रीतच होती. शेजाऱ्याचे 'पाप' ठाऊक असून न कळवणाऱ्यास बहिष्काराचे भय होते. गोव्यात १७३६ साली निघालेल्या फर्मानाने तर ख्रिस्ती घरांत तुळस लावणे आणि मिठाविना भात शिजवणे निषिद्ध ठरवले. आता भातात मीठ आहे की नाही, हे कोण सांगणार? घरचा नोकर किंवा शेजारी! हेरगिरी चुलीपर्यंत पोहोचली ती अशी.

हे सांगितले, की 'जुनी मढी कशाला उकरता?' असा प्रश्न येतो. मढी कोणाची, हे आधी पाहावे. या पाळतीखाली प्रामुख्याने बाप्तिस्मा घेतलेले एतद्देशीयच भरडले गेले. नंदाखालच्या परिसरातील ख्रिस्ती कुपारी आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण आजही एकच कादोडी बोली बोलतात. तेव्हा हे स्मरण ख्रिस्ती शेजाऱ्याविरुद्ध नाही. त्याच्याही पूर्वजांच्या वतीने आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा या भागातील चुलीवरचा तो पहारा उठला.

परकीय गेले, सवय मात्र राहिली. नेताजींच्या कुटुंबीयांवर १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे स्वतंत्र भारताच्या गुप्तचर विभागाने पाळत ठेवल्याचे २०१५ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांतून उघड झाले. त्यांतील सोळा वर्षे पंडित नेहरू पंतप्रधान होते. १९७५ च्या आणीबाणीत संघाच्या स्वयंसेवकांच्या घरांभोवती साध्या वेषातील पोलीस घोटाळत. तो अनुभव घेतलेली कुटुंबे आपल्यातच आहेत.

राष्ट्राच्या शत्रूवर नजर नको, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई आपण विसरलेलो नाही. परंतु शत्रूवरील नजर आणि विरोधकावरील पाळत यांत लेखी आदेश, नोंदलेले कारण आणि त्याची तपासणी एवढेच अंतर असते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्याच्या अधिकाराला हेच बंधन घातले. इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो अधिकार कायम आहे.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळले पाहिजे. सत्ता आपल्या विचारांच्या लोकांकडे आहे म्हणून या बंधनाविषयी उदासीन राहू नये. माणसे बदलतात, खुर्ची तीच राहते. १९७५ साली जे आपल्यासाठी मागितले, ते आज प्रत्येक नागरिकासाठी मागण्याचे धैर्य आपल्यापाशी असलेच पाहिजे.