उद्या म्हणजे कधी?

2024 च्या मार्चमध्ये भोपाळमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या गटात मी एक निरोप टाकला होता. 'उद्या संध्याकाळी सहा वाजता तुलसी नगरच्या बागेत भेटूया, सगळ्यांनी यावं.' पंचवीसेक जण आले, गप्पा झाल्या, चहा झाला. निरोप मात्र तिथे थांबला नाही. कोणीतरी तो आपल्या नातेवाइकांच्या गटात पाठवला, तिथून तो आणखी कुठे गेला आणि तीन दिवसांनी एका काकांच्या फोनवर पोचला. काका ऐंशीच्या पुढचे, कोलार रोडला मुलाकडे राहतात. त्यांनी 'उद्या' वाचलं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आले. बागेत ओळखीचं कोणी नव्हतं. कडुनिंबाखालच्या बाकावर ते तास-सव्वातास बसून राहिले. पिशवीत स्टीलच्या डब्यात शंकरपाळे होते, सगळ्यांसाठी आणलेले. डबा न उघडता ते परत गेले. मला हे आठवड्याभराने कळलं, तेही त्यांच्या सूनबाईंकडून. काका स्वतः मला एका शब्दाने बोलले नाहीत.

तेव्हापासून मी निरोपात 'उद्या' लिहीत नाही.

खरं तर तुलसी नगरात पूर्वी अशा निरोपांची गरजच पडत नसे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातले कारकून, हेडक्लार्क, स्टेनो बिऱ्हाड बांधून इथे आले. मध्य भारतातून ग्वाल्हेर-इंदूरची मराठी माणसंही आली. त्यांच्यासाठी सरकारने क्वार्टरं बांधली, रांगेने, एकाला एक लागून. वस्तीचं 'बाराशे पन्नास' हे नाव तेव्हापासूनचं. जयप्रकाश रुग्णालयाला जुने लोक आजही 1250 हॉस्पिटलच म्हणतात. एका गल्लीत चार-पाच मराठी घरं सहज सापडायची. चैत्रात आई मला पाठवायची. मी पायात चपला न घालताच पळायचे आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचे, 'काकू, शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकवाला बोलावलंय.' परत आल्यावर आई विचारायची, 'पाटणकर काकूंना सांगितलंस? त्या काय म्हणाल्या?' नुसतं सांगून आलं की काम झालं असं तिला कधी वाटलं नाही. समोरून उत्तर आलं तरच निरोप पोचला. दार बंद असलं तर मला पुन्हा जावं लागे.

पण क्वार्टर हे नोकरीपुरतं घर. निवृत्त झालं की सोडावं लागतं. एकेक करून सगळे पांगले. कोणी कोलारला घर बांधलं, कोणी अयोध्या बायपासला, कोणी होशंगाबाद रोडला, काही मुलांकडे पुण्याला गेले. गल्ली संपली, आणि तिची जागा फोनवरच्या गटाने घेतली. भेटायचं ठरलं की जागा मात्र अजून तुलसी नगरच निघते. शहराच्या साधारण मध्यावर आहे म्हणून, आणि इथल्या झाडांखाली आपलं लहानपण गेलं म्हणूनही. माझी स्वतःची सरकारी नोकरी अजून चालू आहे, मी इथेच राहते, म्हणून निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं. हे काम किरकोळ आहे असं मी आता म्हणत नाही.

भोपाळमध्ये पत्ता सांगणं हीसुद्धा एक विद्या आहे. इथे वस्त्यांची नावं बसथांब्यांच्या आकड्यांवरून पडली. पाच नंबर, सहा नंबर, दहा नंबर, बारा नंबर असं म्हटलं की भोपाळकराला कळतं, नव्याने बदलून आलेल्याला कळत नाही. तुलसी नगरातली क्वार्टरं सारखी दिसतात, गल्ल्या सारख्या दिसतात. फोनवरचा नकाशा बागेच्या मागच्या भिंतीशी आणून सोडतो, जिथे फाटकच नाही. म्हणून मी सेकंड स्टॉप लिहिते, मग कुठल्या बाजूला वळायचं ते लिहिते, आणि तिथे कोण उभं असेल तेही लिहिते. नवख्या माणसाला खुणेच्या झाडापेक्षा खुणेचं माणूस जास्त उपयोगी पडतं. त्याला अनोळखी घोळक्यात शिरायचा संकोच असतो. नाव माहीत असलेलं एक माणूस फाटकाशी भेटलं की तो संकोच जातो.

वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून कळतं. किती वाजता संपेल तेही सांगायचं, कारण बायकांना घरी स्वयंपाक असतो आणि म्हाताऱ्यांना कोणीतरी न्यायला येणार असतं. भेट रद्द झाली तर ज्या ज्या गटात निरोप गेला त्या सगळीकडे रद्दची ओळ जायला हवी, आणि ती तितक्याच तातडीने. यात लोक फार कमी पडतात. बोलावण्याचा उत्साह सगळ्यांना असतो, 'येऊ नका' सांगायला कोणी बसत नाही.

नीट लिहिलेला निरोप काय करू शकतो हे तुलसी नगरने त्याच वर्षी जूनमध्ये पाहिलं. मंत्री आणि आमदारांच्या नव्या बंगल्यांसाठी शिवाजी नगर-तुलसी नगरचा पट्टा घ्यायचा आणि त्यासाठी सुमारे 29,000 झाडं जाणार, अशी बातमी आली. आमच्या वस्तीला हा धक्का पहिला नव्हता. 2016 मध्ये स्मार्ट सिटीसाठीही आधी हीच जागा ठरली होती, लोकांनी झाडांसाठी विरोध केला आणि योजना टी. टी. नगरला हलली. तिथली जुनी क्वार्टरं आणि मोठाली झाडं मग गेली, आणि ते पाहून आम्हाला कळलं होतं की आपल्यावरून काय टळलं. 2024 च्या जूनमध्ये माझ्या फोनवर जो निरोप आला त्यात दिवस, वेळ आणि जमायची जागा एवढंच होतं. भाषण नव्हतं, कोणाला शिव्या नव्हत्या. माणसं आली. मराठी, हिंदी, क्वार्टरात राहणारी, क्वार्टर सोडून वीस वर्षं झालेली. शाळकरी पोरं होती, काठी टेकत आलेले आजोबा होते. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या. एका पिंपळाभोवती माझे हात पुरेनात, तेव्हा पलीकडून एका अनोळखी बाईने माझी बोटं धरली. खोडाची साल गालाला टोचत होती आणि तिचा हात घामाने ओला होता. काही दिवसांतच नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी प्रस्ताव मागे घेतल्याचं जाहीर केलं.

झाडाला मिठी मारली त्या दिवशी मला रेणी गाव आठवलं. मार्च 1974 मध्ये चमोली जिल्ह्यातल्या त्या गावात पुरुष बाहेर गेलेले असताना झाडं तोडणारे आले. एका लहान मुलीने त्यांना पाहिलं, धावत जाऊन गावातल्या गौरादेवींना सांगितलं, आणि बायका जंगलाकडे निघाल्या. चिपको आंदोलन म्हटलं की आपल्याला मिठ्या आठवतात. मला ती धावणारी मुलगी आठवते.

2025 च्या कोजागरीचा माझा निरोप असा होता: कोजागरी सोमवारी, 6 ऑक्टोबर 2025 रोजी आहे. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. सेकंड स्टॉपवरच्या आंबेडकर मैदानाच्या फाटकाशी सात वाजल्यापासून मी पिवळ्या साडीत उभी असेन. तिथून बागेत चालत पाच मिनिटं. पाऊस आला तर सगळे माझ्या क्वार्टरवर. दूध आमच्याकडे, पेला प्रत्येकाने घरून आणावा, आणि जमिनीवर बसता येत नसेल तर आधी कळवावं म्हणजे खुर्च्या मागवता येतील. कोलारच्या काकांना सांगायला मी स्वतः रविवारी जाऊन आले. ते येणार आहेत, शंकरपाळे घेऊन. तुमच्या शेजारी कोणी आजी-आजोबा असतील आणि त्यांच्याकडे स्मार्टफोन नसेल, तर हे एवढं त्यांना वाचून दाखवा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.