कर किती, यापेक्षा कर कुणी लावला?

चैत्र लागला की मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात मोह गळायला लागतो. उजाडायच्या आत ठाकूर, कातकरी बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. फुलं वेचायची, उन्हात वाळवायची, साठवायची. धान्य संपल्यावर हीच फुलं उकडून पोटाला आधार देतात. त्यांची दारूही होते, हे खरं आहे.

1892 साली मुंबई सरकारने या फुलांसाठी खास कायदा केला. तो मुख्यतः ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून होता. मोहफुलं किती साठवायची, कुणी विकायची, यावर बंधनं आली. त्याआधी 1878 चा अबकारी कायदा झालाच होता. ताडी काढायची तर झाडामागे कर भरायचा आणि घरी दारू गाळली तर गुन्हा. मात्र मक्तेदाराच्या दुकानातली दारू सरकारला कर भरून राजरोस विकली जात होती.

इथे काही वाचक मला अडवतील. दारू आपल्यात हराम, मग तुम्ही मोहाची वकिली का करता? दारूची वकिली मी करत नाहीच. पण त्या सरकारला दारू बंद करायची नव्हती, गल्ला आपल्या पेटीत आणायचा होता. लोकांनी प्यावं, पण आमच्याच दुकानातून प्यावं, असा तो सगळा कारभार होता. त्यापायी भुकेच्या दिवसांतलं अन्नही संशयित ठरलं. नैतिकतेचं नाव पुढे करून गरिबाच्या घरात शिरणारा कर मला दारूइतकाच वाईट वाटतो.

क्रांतीच्या इतिहासात आपण एक ठोकळ समजूत करून घेतलेली असते. कर वाढला, लोक चिडले, उठाव झाला. अमेरिकेचं उदाहरण पाहिलं तर हे पुरतं खरं नाही. 1765 मध्ये इंग्लंडच्या संसदेने वसाहतींवर स्टॅम्पचा कर बसवला. वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत सगळ्यावर शिक्का लागला. विरोध झाला म्हणून पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. मग 1773 मध्ये चहाचा कायदा आला, आणि त्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. तरीही 16 डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या लोकांनी चहाच्या 342 पेट्या समुद्रात टाकल्या. स्वस्त चहा त्यांनी का बुडवला? कारण ज्या संसदेत आपला एकही माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात घालावा हेच त्यांना मान्य नव्हतं. चहा प्यायला असता तर तो हक्क कबूल केल्यासारखं झालं असतं.

आपल्याकडे मिठाचं तेच झालं. 1923 मध्ये मिठावरचा कर दुप्पट करायचा प्रस्ताव आला. कायदेमंडळाने तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. पुढच्या वर्षी दर खाली आला, पण निवडून दिलेल्यांच्या ‘नाही’ला काडीची किंमत नाही, हे लोकांनी पाहिलं होतं. सात वर्षांनी गांधीजी दांडीला निघाले. त्यांच्या अटकेनंतर धारासणाच्या सत्याग्रहाची धुरा अब्बास तय्यबजी यांच्याकडे आली. बडोद्याचे हे निवृत्त न्यायाधीश तेव्हा 76 वर्षांचे होते. मे 1930 मध्ये त्यांनाही पकडलं. मिठाच्या लढ्यात मुसलमान कुठे होते, असं विचारणाऱ्यांना हे एक नाव सांगावं.

त्याच वर्षी 25 सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. आठ माणसं हुतात्मा झाली. आणि 2 जानेवारी 1943 ला आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. कोतवालांचा लढा करविरोधी नव्हता, तो स्वातंत्र्याचा होता. पण हातात शस्त्र घेण्याआधी या वकिलाने शेतकऱ्यांसाठी धान्य पेढी काढली होती, हे विसरता येत नाही. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा, म्हणून कुळ सावकाराच्या दारात जायचं. कराची वाट अशी कर्जातून जाते. खोतीच्या काळात कोकणात कुळांना पिळणाऱ्यांत आपले मुसलमान खोतही होते, हेही आपणच बोललं पाहिजे.

जकातीचा विचार करताना मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शिल्लक संपत्तीच्या अडीच टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कुरआनात ती कुणाकुणाला द्यायची याचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत, आणि यादीची सुरुवात गरीब आणि गरजूंपासून होते. म्हणजे घेण्याआधी कुठे जाणार ते सांगितलेलं आहे. ज्या कराला हा पत्ता नसतो, त्याला लोक कर म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

आज मिठावर जीएसटी नाही. पण साबणावर आहे, आणि कातकरी बाई साबणाच्या वडीवर तोच दर भरते जो मुंबईतला कारखानदार भरतो. शहापूर तर पैशाशिवाय आणखीही काही भरतं. मोहाचा कायदा झाला त्याच 1892 साली तानसा धरण पूर्ण झालं आणि पाणी मुंबईला गेलं. पुढे भातसा झालं. जमीन इथली, खोरं इथलं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईला पाणी नको असं मी म्हणत नाही, तहान सगळ्यांचीच असते. पण सव्वाशेहून जास्त वर्षं दिलेल्या या कराची पावती कुणी दिली?

मला बंड नको आहे. बंडात आधी गरीबच मरतो. त्याऐवजी आपल्या हातात आज जे आहे ते वापरू. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला बोलायचा अधिकार दिला आहे. बोस्टनच्या लोकांना जी जागा कुणी दिली नाही, ती आपल्या गावात सतरंजी टाकून तयार असते. आपल्या मोहल्ल्यातले किती जण तिथे जाऊन बसतात? पुढच्या ग्रामसभेला जाऊ या, आणि शेजारच्या पाड्यावरच्या माणसांबरोबर बसून पाण्याचा आणि पैशाचा हिशोब विचारू या.