विश्लेषण : भीमेसाठी शिरूर-दौंडला एकत्र का यावे लागेल?

रांजणगाव सांडसच्या संगमापुढे भीमेच्या डाव्या तीरावर शिरूर तालुका, तर उजव्या तीरावर दौंड. पाणी दोघेही उपसतात. नदी वाहती ठेवण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

नदीवर ताण कशाचा?
भीमाशंकरला उगम पावलेली भीमा तुळापूरला इंद्रायणीला भेटते. पुढे संगमावर मुळा-मुठा मिळते आणि तिच्यासोबत पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसतात. साठलेल्या पाण्यावर ऊस जगतो, पण प्रवाह थांबतो आणि जलपर्णी माजते. हेच पाणी पुढे उजनीत जाते.

पाणलोटाची कामे पुरेशी नाहीत का?
समतल चर, नालाबांध यांमुळे पाणी जमिनीत मुरते आणि ओढ्यांतून सावकाश नदीला मिळते. मात्र मुरलेले पाणी विंधन विहिरींनी उपसले, तर ते नदीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पाणी अडवणे हे अर्धेच काम. ते कोणत्या पिकाला किती द्यायचे, हे ठरवणे उरलेले अर्धे.

असे कुठे घडले आहे?
दौंडशेजारच्या पुरंदर तालुक्यात. विलासराव साळुंखे यांनी नायगावला १९७४ मध्ये पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर या हिशेबाने. भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मनाई. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात.

कायद्याचा आधार आहे का?
शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी मिळते. पण संस्थेचे क्षेत्र लाभक्षेत्रापुरते असते. नदीच्या वाट्याचे पाणी मागणारा तिथे कुणी नसतो.

मग करायचे काय?
दोन्ही काठांच्या गावांची एकच समिती हवी. ढापे कधी टाकायचे, प्रवाहासाठी किती पाणी सोडायचे आणि लागवडीआधी ताळेबंद कसा मांडायचा, हे तिने ठरवावे. उसाखालील क्षेत्राला मर्यादा घालणे हा त्यातला सर्वात अवघड निर्णय असेल. सांडपाण्यावर उपाय शहरांनीच करायचा आहे. मात्र त्यासाठी दोन तालुक्यांनी मिळून केलेली मागणी टाळणे सोपे नसेल. एका काठाने ढापे उघडावेत आणि दुसऱ्याने मोटारी वाढवाव्यात, असे झाले तर नदी कोरडीच राहील.