शून्य रिझल्ट

तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक शोधायचा कॉम्प्युटर असेलच. त्यावर शेवटचं कधी बसला होतात? आणि त्यात देवनागरीत काही टाइप करून बघितलंय का कधी?

मी बघितलं. गेल्या सेमिस्टरला आत्मचरित्रांवर एक असाइनमेंट होती. दया पवारांचं ‘बलुतं’ हवं होतं. देवनागरीत टाइप केलं, शून्य रिझल्ट. मग रोमनमध्ये टाकलं तर एक पुस्तक आलं, तेही जेरी पिंटो यांनी 2015 साली केलेलं इंग्रजी भाषांतर. 1978 साली मराठीत आलेलं मूळ पुस्तक आमच्या लायब्ररीत नाही, पण त्याचं भाषांतर आहे, असं त्या मशीनचं म्हणणं होतं.

देवघेवीच्या काउंटरवरच्या काकांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा.” पुस्तक तिथंच होतं. एक नाही, दोन प्रती. नोंदीत शेवटचा ‘ए’ गळला होता, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते ‘बलुत’ होतं!

आता यात कुणाची चूक म्हणायची? ज्यांनी नोंद केली त्यांच्यापुढे इंग्रजी कीबोर्ड होता. अनुस्वार रोमनमध्ये कसा लिहायचा हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. एक जण ‘ए’ लावणार, दुसरा ‘एएम’, तिसरा काहीच नाही. ‘कोसला’चं तेच, ‘उचल्या’चं तेच. काका रिटायर झाले की ती पुस्तकं कपाटात असूनही हरवणार, ही खरी भीती आहे.

“आपल्याकडे टेक्नॉलॉजी नाही हो,” असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. आणि सॉफ्टवेअर? ‘कोहा’चं नाव ऐकलंय? न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. नवं विकत घेणं परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःपुरतं बनवून घेतलं, जानेवारी 2000 मध्ये सुरू केलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. आपल्या आहेरासारखी, परतफेडीची जाणीव असलेली. आज भारतातही कितीतरी लायब्ऱ्या ते वापरतात. त्यात मराठी, गुजराती, उर्दू सगळं बसतं. बसवणारं माणूस मात्र हवं.

याची उलटी बाजू अजून मजेशीर आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत 1962 पासून ऑफिस आहे. तेव्हा आपण अमेरिकेचा गहू ‘पीएल 480’ योजनेत रुपयांत विकत घ्यायचो, आणि त्या रुपयांतला काही भाग भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून तिकडे पाठवायला वापरला जायचा. मराठीसुद्धा. म्हणजे आजोबांनी रेशनच्या रांगेत मोजलेल्या पैशांतून शिकागोच्या विद्यापीठात मराठी कादंबरी पोचलेली असू शकते. पण ती तिथं शोधायची तर अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी ठिपके असलेल्या एका खास रोमन लिपीत. त्या पद्धतीत ‘च’ म्हणजे नुसता ‘सी’. आपण सवयीनं ‘सीएच’ टाकला तर त्याचा ‘छ’ होतो. निदान नियम एक आहे, एवढं तरी बरं. आता एकाच नोंदीत रोमन आणि मूळ लिपी शेजारी-शेजारी ठेवायची सोयही आहे.

ड्यूई दशांश पद्धतीबद्दल तर बोलायलाच नको. 1876 सालची ती पद्धत. इंग्रजी साहित्याला 820, जर्मनला 830, फ्रेंचला 840 असे ऐसपैस आकडे, आणि उरलेल्या जगाला मिळून 890. मराठी साहित्य 891.46 वर, पॉइंटच्या मागे उभं. बदलता येणार नाही, जगभर तेच चालतं. पण पुस्तकाचं नाव कोणत्या लिपीत लिहायचं, हे काही अमेरिकेत ठरत नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, “कोण जातंय लायब्ररीत, पीडीएफ मिळते ना.” मिळते, गाजलेल्या पुस्तकांची. 1960 सालच्या तालुक्याच्या गॅझेटची, बंद पडलेल्या मासिकाच्या दिवाळी अंकाची मिळत नाही. आणि हा प्रश्न फक्त मराठीचा नाहीच. माझ्या वर्गात गुजराती माध्यमातून आलेली एक मैत्रीण आहे. आपल्या लायब्ररीत गुजराती पुस्तकं आहेत हे तिला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही चुकून. ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेचा बहुसांस्कृतिक ग्रंथालयांचा जाहीरनामा 2009 साली युनेस्कोनं उचलून धरला. त्याचा गाभा एवढाच, की माणसाला त्याच्या भाषेत सेवा मिळावी. भिंतीवर लावायला छान आहे. पण तिला स्वतःच्या लिपीत एक नाव शोधता आलं नाही तर त्या कागदाचं काय करायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. एनएसएसला वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यातले थोडे तास लायब्ररीला द्या. मोबाइलवर मराठी टाइप करता ना दिवसभर? तेच इथं करायचंय. पुस्तक उघडा, मुखपृष्ठावर आहे तसंच नाव टाका, दाखल क्रमांक जुळवून घ्या. जुनी रोमन नोंद मात्र पुसू नका, ती सवयीची असणारेही आहेत. ग्रंथपालांना आधी विचारा, लॉगिन त्यांच्याकडेच असतं. आणि सगळं काम एकट्या काकांवर टाकून, “सिस्टिम बेकार आहे” असं स्टोरीला टाकू नका. मीही टाकणार होते, म्हणून सांगतेय.

आम्ही चौघांनी गेल्या महिन्यात सुरुवात केली. पहिल्या दुपारी 41 पुस्तकं झाली, त्यात ‘बलुतं’ पहिलं. गुजराती कपाट मैत्रिणीनं घेतलंय. उर्दूची 60-70 पुस्तकं आहेत, ती आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर शनिवारी दोननंतर पाठवा.